गिझर लावला की आरसीसीबी पडतो, नळाला करंट येतो? बिघाड कुठे शोधायचा, सविस्तर वाचा

थंडी सुरू झाली की गावागावांतल्या वायरमनचे फोन सकाळी सहालाच वाजायला लागतात. तक्रारी ठरलेल्या. गिझर चालू केला की घराची लाईट जाते. नळाला हात लावला की मुंग्या येतात. बादलीतलं पाणी चावतं. हीटर लावलाय पण पाणी काही तापत नाही. आणि यातल्या निम्म्या घरांत वायरमन यायच्या आधीच कोणीतरी सल्ला देऊन मोकळा झालेला असतो: "तो डबा सारखा पडतोय ना, मग काढून टाक, डायरेक्ट कर."

हा सल्ला माणूस मारणारा आहे. तो डबा का पडतो आणि बिघाड कुठे असतो, हे समजून घेतलं तर तो काढायची गरजच पडत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांची न्हाणी अजून घराबाहेर आहे, भिंती पत्र्याच्या, खाली ओली फरशी, वायर अंगणातून ओढलेली. पूर्वी तिथं तांब्याचा बंब पेटायचा, आता त्याच जागी गिझर नाहीतर हीटरचा रॉड आलाय. जागा तीच राहिली, धोका बदलला.

एक गोष्ट आधी, बाकीचं वाचायच्या आधी. नळाला, शॉवरला, बादलीला किंवा न्हाणीच्या पत्र्याला थोडासा जरी झटका जाणवला, तरी पुन्हा हात लावून खात्री करायची नाही. पायात कोरडी चप्पल घालून घरातला मेन स्विच बंद करायचा आणि मगच पुढचा विचार. न्हाणीतल्या गिझरचं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं समजू नका. त्याचं कारण खाली येईल.

एमसीबी वेगळा, आरसीसीबी वेगळा

बोर्डात दोन प्रकारचे डबे असतात आणि लोक दोन्हींना "ट्रिपर" म्हणतात. एमसीबी हा वायर वाचवणारा. शॉर्ट झालं किंवा वायरीला झेपेल त्यापेक्षा जास्त लोड आला की तो पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत हलतसुद्धा नाही. माणसाचा जीव जायला एवढा करंट लागत नाही. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीतून एक अँपिअरचा काही शतांश भाग गेला तरी हृदय बंद पडू शकतं. म्हणजे एमसीबीच्या हिशोबाने तुम्ही शॉक खाताय, ही घटना घडलेलीच नसते.

आरसीसीबी माणूस वाचवणारा. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते दिसलं की ओळखायचं. त्याचं काम साधं आहे. फेजच्या वायरीतून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. मध्ये कुठे फरक पडला, म्हणजे करंट तिसऱ्या वाटेने जमिनीत चाललाय. ती वाट गिझरच्या टाकीची असेल, भिंतीतल्या ओलीची असेल किंवा तुमच्या अंगाची. फरक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की क्षणात सप्लाय तोडतो.

ही मर्यादा डब्यावर छापलेली असते. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचाच हवा, छापलेलं "३० एमए" किंवा "०.०३ ए" बघून घ्यायचं. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात. ते आग लागू नये म्हणून असतात, शॉकपासून वाचवण्यासाठी नाहीत. "हा जास्त पडत नाही" म्हणून कोणी ३०० चा दिला तर घेऊ नका. तो पडत नाही, हाच त्याचा दोष.

आरसीसीबीच्या दोन मर्यादाही लक्षात ठेवा. जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं तर तो वायर वाचवत नाही, त्यामुळे त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल अशी कोणी धरली तर त्याला काहीच कळत नाही, कारण गेला तेवढा करंट परत आलेला असतो. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं. लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर डबा निकामी, त्या दिवशीच बदला.

कधी पडतो, यावर सगळं अवलंबून

वायरमनला बोलावलं की तो पहिला प्रश्न हाच विचारेल, निदान विचारायला पाहिजे. डबा नेमका कधी पडतो? तुम्ही दोन दिवस नीट बघितलं तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

गिझरचं बटण दाबताक्षणी पडत असेल, तर बहुतेक वेळा एलिमेंट खराब झालेलं असतं, ज्याला आपण कॉईल म्हणतो. पाच-दहा मिनिटांनी, पाणी तापल्यावर पडत असेल, तरीही संशय कॉईलवरच. तापल्यावर तिचं बाहेरचं कवच फुगतं आणि बारीक चीर उघडते. किंवा टाकीच्या खालच्या झाकणाच्या वॉशरमधून थेंब थेंब पाणी गळून वायरींच्या जोडावर जात असतं. फक्त पावसात किंवा पहाटे दव पडल्यावर पडत असेल, तर गिझर सोडा आणि बाहेरची वायर, अंगणातला बोर्ड, न्हाणीवरचा बल्ब यांच्याकडे बघा.

आता खरी गोम. बटण बंद आहे आणि तरी आरसीसीबी पडतो. लोक म्हणतात, गिझर बंदच होता, म्हणजे दोष डब्यात. तसं नसतं. साधं बटण फक्त फेजची वायर तोडतं, न्यूट्रल गिझरला जोडलेलंच राहतं. कॉईल न्यूट्रलच्या बाजूला टाकीला टेकली असेल, तर घरातला फ्रीज किंवा मिक्सर चालू झाला तरी न्यूट्रलमधला थोडा करंट गिझरच्या वाटेने जमिनीत जातो आणि डबा पडतो. म्हणून तपासताना बटण बंद करून उपयोग नाही. मेन बंद करून गिझरचा थ्री-पिन टॉप सॉकेटमधून पूर्ण काढायचा.

बिघाड कुठल्या लाईनवर आहे ते घरचा माणूसही शोधू शकतो, फक्त कुठलंही झाकण न उघडता. मेन बंद करा. घरातले सगळे टॉप काढा: गिझर, फ्रीज, टीव्ही, मोटर, मिक्सर, चार्जरसुद्धा. सगळे एमसीबी खाली करा. मग मेन चालू करून आरसीसीबी वर करा. थांबला, तर एकेक एमसीबी वर करत जा. कुठला वर केल्यावर पडला ते लक्षात ठेवा. एमसीबी सगळे वर करूनही थांबला, तर एकेक वस्तू लावत जा. जी लावली की पडतो, ती वस्तू दोषी. ती बाजूला ठेवायची, बाकी घर चालू राहतं. काहीच लावलेलं नसताना पडत असेल तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये, न्यूट्रलच्या जोडात किंवा क्वचित डब्यात. तिथून पुढे काम वायरमनचं.

इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी पडायला लागला, अशीही तक्रार खूप येते. तिथं बहुतेक वेळा गळती कुठेच नसते. इन्व्हर्टर जोडणाऱ्याने फेज आरसीसीबीतून घेतलेला असतो आणि न्यूट्रल बाहेरून, किंवा दोन लाईनींचे न्यूट्रल पुढे कुठेतरी एकत्र केलेले असतात. जाणारा आणि येणारा करंट जुळत नाही, डबा आपलं काम करतो. जोडणी सुधारली की प्रश्न मिटतो. पण या प्रकारात डब्याला नावं ठेवून तो काढून टाकलेली घरं किती असतील, याचा अंदाज कोणीही वायरमन तुम्हाला देईल.

गिझरच्या आत काय होतं

गिझरची कॉईल म्हणजे धातूची पोकळ नळी. आत तापणारी बारीक तार, आणि तार नळीला टेकू नये म्हणून भोवती पांढरी पूड दाबून भरलेली. ही पूड मॅग्नेशियम ऑक्साईडची. कोरडी असेपर्यंत ती करंट जाऊ देत नाही, पण हवेतला ओलावा ओढून घेते. बाहेरच्या नळीला भोक पडलं की पाणी पुडीत शिरतं आणि करंट टाकीत येतो.

नळीला भोक का पडतं? आपल्याकडे मुख्य कारण बोअरचं जड पाणी. कॉईलवर पांढरा थर चढतो, तो जसजसा जाड होतो तसतशी उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी नळीतच कोंडते. नळी लाल होते, तडकते. ज्या घरात भांड्याला, कुकरला पांढरे डाग पडतात तिथं दर एक-दोन वर्षांनी कॉईल काढून थर साफ करून घ्यावा. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड बघावा. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजत असतो. पूर्ण झिजला असेल तर बदलायचा. हा रॉड आहे हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, गिझरचे पैसे मात्र हजारांत मोजलेले असतात.

दुसरं कारण कोरडा गिझर. टाकीत पाणी नसताना बटण दाबलं तर कॉईल काही मिनिटांत जळू शकते. नवीन गिझर बसवल्यावर किंवा वरची टाकी रिकामी झाल्यावर आधी गरम पाण्याचा नळ सोडायचा, धार एकसारखी आली की मगच बटण.

कॉईल तपासायची तर वायरमनकडे मीटर असतोच. सप्लाय पूर्ण तोडून, कॉईलच्या दोन्ही वायरी सोडवून मोजलं तर २००० वॅटच्या कॉईलला २६ ओहमच्या आसपास रोध यायला हवा, १५०० वॅटला ३५ आणि ३००० वॅटला साधारण साडेसतरा. काहीच आकडा नाही आला तर आतली तार तुटली, पाणी तापणार नाही. आकडा बरोबर आला म्हणजे कॉईल चांगली, असं मात्र नाही. तार आणि नळी यांच्यात गळती आहे का ते वेगळं बघावं लागतं. साध्या मीटरमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते, तेवढ्यावर बारीक गळती दिसत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लावतात. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर ती कॉईल बदललेली बरी. मेगर नसलेला वायरमन "मीटरला सगळं ओके आहे" म्हणून निघून गेला आणि डबा पडतच राहिला, तर वाद घालत बसू नका, मेगरवाला शोधा.

बरेच महिने बंद असलेला गिझर पावसाळ्यानंतर पहिल्यांदा लावल्यावर एखाद वेळी डबा पाडतो. पुडीने ओलावा ओढलेला असतो. यावर "दोन-तीन वेळा डबा वर करून बघ, सुकेल" असं सांगणारे भेटतात. कॉईल काढून, सुकवून, मेगरवर बघून घेणं हा बरोबर मार्ग. त्या अवस्थेत तो गिझर चालवत कोणी आंघोळीला बसायचं नाही.

पाणी उकळून वाफ येते, गिझर आपोआप बंद होत नाही, असं असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय. त्याच्यापुढे आणखी एक सुरक्षा असते, थर्मल कटआऊट, पाणी फार तापलं की तो लाईन तोडतो. सारखा तोडतो म्हणून काही जण त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून देतात. त्यानंतर टाकीत वाफेचा दाब वाढायला काही अडवणारं उरत नाही, आणि सुरक्षा व्हॉल्व्हही जड पाण्याने बसलेला असेल तर टाकी फुटू शकते. कटआऊट डायरेक्ट करणाऱ्याला घरात परत घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

बटण बंद होतं, तरी शॉक कसा?

सॉकेट जोडताना फेज आणि न्यूट्रल उलटे झाले तर बटण न्यूट्रल तोडतं. गिझर बंद दिसतो, दिवा विझतो, पाणी तापायचं थांबतं, पण कॉईलवर फेज तसाच जिवंत असतो. कॉईल फुटलेली असेल तर पाण्यातही. मीटरच्या किंवा डीपीच्या कामानंतर वायरी अदलाबदल झाल्या तरी असंच घडतं. म्हणून गिझरसाठी साधं बटण न लावता दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल स्विच लावतात, २० अँपिअरचा. तो न्हाणीच्या बाहेर, कोरड्या जागी असावा. पाणी तापवायचं, स्विच बंद करायचा, मग आंघोळीला जायचं. गिझर कितीही भारी असला तरी हीच पद्धत ठेवा.

वायरीचं गणितही इथंच सांगून टाकतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा तीन लिटरवाला छोटा गिझर १३ अँपिअर. आकार लहान म्हणून लोड लहान नसतो, इथंच फसगत होते. पहिल्याला किमान अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, दुसऱ्याला चारची. बल्बच्या बोर्डावरून, ६ अँपिअरच्या सॉकेटवरून गिझर चालवला तर टॉप पिवळा पडतो, मग काळा, मग वितळतो. जळल्याचा वास आला किंवा टॉप हाताला गरम लागला तर सॉकेट आणि टॉप दोन्ही बदला. घासून-पुसून चालत नाही.

पाणी नुसतं कोमट होत असेल तर आधी व्होल्टेज बघा. संध्याकाळी १८० व्होल्ट येत असतील तर २००० वॅटचा गिझर प्रत्यक्षात साधारण १२०० वॅटचंच काम करतो. कॉईल बदलून फरक पडणार नाही.

हीटरचा रॉड

रॉडच्या आत तीच पूड आणि तीच नळी, फक्त भोवती टाकी नाही आणि माणूस जवळ. दोन-तीनशे रुपयांत मिळतो म्हणून घरोघरी आहे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी तापलं का ते बोट बुडवून बघणं. दुसरी, अंगणातल्या लोखंडी किंवा जर्मनच्या भांड्यात रॉड टाकणं. तिसरी, तीन पिनचा टॉप सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून जाड पिन काढून टाकणं. ती जाड पिनच तर अर्थिंगची.

रॉड वापरायचाच असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत, लाकडी काठीला अडकवून, खुणेपर्यंत पाण्यात बुडवून आणि मगच बटण. काढताना आधी बटण, मग टॉप, मग थोडं थांबून रॉड. नळी फुगलेली, वाकलेली, खरवडलेली दिसली किंवा वरच्या मुठीला चीर गेली तर तो भंगारात. दुरुस्त करणारा भेटला तरी करून घेऊ नये. लहान मुलं आहेत त्या घरात रॉड न्हाणीत लावून स्वयंपाकघरात जायचं नाही.

अर्थिंग: नाव सगळ्यांना माहीत, घरात कोणाच्या नाही

गिझरची टाकी अर्थिंगला जोडलेली असेल तर कॉईल फुटताक्षणी करंट अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जातो, आरसीसीबी तिथंच पडतो, माणूस मध्ये यायच्या आधी. अर्थिंग नसेल तर टाकी, पाईप, नळ जिवंत होऊन वाट बघत बसतात आणि पहिला हात लागला की मग डबा पडतो. डबा तेव्हाही वाचवतो, पण झटका बसूनच. दोन्ही नसतील तर कोणीच वाचवत नाही.

"माझं अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला" असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. तुमच्या खड्ड्याचा रोध १०० ओहम असला, मुरमाड कोरड्या जमिनीत तो सहज असतो, तर फेज टाकीला टेकल्यावर अर्थिंगमधून फक्त २.३ अँपिअर वाहील. १६ चा एमसीबी जागचा हलणार नाही आणि टाकी जिवंतच राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र पडेल. दोघं मिळूनच काम करतात.

चांगलं अर्थिंग म्हणजे घराजवळ, जिथं ओल टिकते अशा जागी, न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला म्हणा, अडीच मीटर लांबीचा ४० मिलीमीटरचा जीआय पाईप उभा गाडलेला, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि पक्का क्लॅम्प. उन्हाळ्यात त्यात महिन्यातून दोन-तीन बादल्या पाणी ओतायचं. क्लॅम्प गंजला की अर्थिंग संपलं, जमिनीखाली पाईप कितीही चांगला असू दे.

जे करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन आपसात जोडून "अर्थिंग दिलं" म्हणणारे महाभाग आहेत. अशा घरात न्यूट्रल कुठेही तुटला तर गिझरची टाकी थेट फेजवर येते. पाण्याच्या नळाला वायर गुंडाळणं हे अर्थिंग नव्हे, आता पाईप प्लॅस्टिकचे आहेत. गावच्या हातपंपाला तर कधीच जोडू नका, तुमच्या घरातला करंट दुसऱ्याच्या लेकीबाळींच्या हातात द्याल.

आणि मळ्यातली ती सवय. शेतीच्या लाईनवर फेज मिळतो पण न्यूट्रल नसतो, मग जमिनीत गज ठोकून त्यावरच बल्ब, पंखा, कधी रॉडसुद्धा चालवतात. त्या गजातून सतत करंट जमिनीत जातो, भोवतीची ओली जमीन काही फुटांपर्यंत जिवंत असते. बैल-म्हैस आधी सापडते, कारण तिचे पुढचे-मागचे पाय लांब असतात आणि दोन्हींमध्ये व्होल्टेजचा फरक जास्त पडतो. अशा जोडणीवर आरसीसीबी कधीच टिकणार नाही आणि टिकू नये.

एक बिघाड तुमच्या घरातला नसतोच. एकाच वेळी तुमच्याकडे बल्ब भगभगायला लागला आणि शेजाऱ्याकडे मंद झाला, तर डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटलाय असं समजा. घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. मेन लगेच बंद करा, शेजाऱ्यांना ओरडून सांगा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. डीपीवर स्वतः चढायचं नाही, गावातला कोणी "करतो की मी" म्हणाला तरी त्यालाही चढू द्यायचं नाही.

घर ते न्हाणी, मधली वायर

अंगणातली वायर बहुतेक ठिकाणी पत्र्याच्या कडेवरून जाते. वाऱ्याने हलून हलून इन्सुलेशन कापलं जातं आणि अख्खी न्हाणी, पत्र्याला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, सगळं जिवंत होतं. पावसाळ्यात ओले कपडे टाकताना बाई चिकटली, सोडवायला गेलेला नवरा किंवा सासूही गेली, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. कपड्यांसाठी लोखंडी तार वापरूच नका, नायलॉनची दोरी लावा. वायर पाईपमधून न्या, मध्ये जोड ठेवू नका, आणि जोड लागलाच तर तो झाकणाच्या डब्यात. नुसत्या चिकटपट्टीचा जोड एक पावसाळा काढत नाही.

बोअरची सिंगल फेज मोटर चालू केली की डबा पडत असेल, तर पाण्यात बुडालेला केबलचा जोड हा पहिला संशयित, वाइंडिंग नंतर. मोटर वर काढावी लागते, खर्च आहे, म्हणून लोक मोटरला आरसीसीबीतून वगळतात. मग बोअरच्या लोखंडी पाईपला हात लावून कोणीतरी पाणी भरत असतं.

पर्यटकांसाठी गरम पाण्याचे टब

महाबळेश्वर, तापोळा, पाचगणी भागात आणि पुणे-रायगडच्या डोंगरात टेंट आणि फार्महाऊसवर आता उघड्यावर गरम पाण्याचे टब बसायला लागलेत. राखण करणारी पोरं आपल्याच गावांतली, त्यामुळे बिघाड झाला की हात तेच घालतात. टबात हीटर, पंप आणि कंट्रोलचा बोर्ड असा तिहेरी कारभार असतो आणि माणूस गळ्यापर्यंत पाण्यात. धुक्याच्या आणि पावसाच्या जागेत बोर्डात ओल शिरणं ठरलेलंच.

तपासायचं तंत्र वरचंच. टब रिकामा करा म्हणजे माणसांपासून, पाण्यापासून नाही, कारण हीटर कोरडा चालता कामा नये. मेन बंद करून हीटरच्या वायरी सोडवल्या आणि डबा थांबला तर कॉईल. पंपाच्या सोडवल्यावर थांबला तर पंपाचं सील गळून मोटरमध्ये पाणी गेलंय. दोन्ही सोडवूनही पडत असेल तर कंट्रोल बोर्ड किंवा बाहेरची केबल. वायरी सोडवायचं काम परवानाधारक वायरमनचं, राखणदाराचं नव्हे, आणि मालकाने तसं सांगूनच ठेवावं. टबासाठी स्वतंत्र लाईन, स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि टबात बसून हात पोचणार नाही पण नजरेसमोर राहील अशा ठिकाणी मेन बंद करायचा स्विच. गिऱ्हाईक वाट बघतंय म्हणून डबा वगळून टब चालू करून देणाऱ्यावर उद्या गुन्हा दाखल होऊ शकतो, हे त्या पोरांनीही लक्षात घ्यावं.

कोणी चिकटलंच तर

अंगाला हात लावायचा नाही. मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने माणसाला वायरीपासून दूर ढकला. ओली काठी, ओला टॉवेल नको. तुटून पडलेली खांबावरची मोठी लाईन असेल तर काठीनेही नाही, लांब थांबा आणि १९१२ वर फोन करून सप्लाय बंद करायला लावा.

माणूस सुटल्यावर हाक मारून बघा. श्वास नसेल, किंवा नुसता अडकत अडकत येत असेल, तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत न थांबता. थकलात तर दुसऱ्याने घ्यायचं. जमिनीत पुरणं, अंगाला माती चोळणं, तोंडात पाणी ओतणं यात जी मिनिटं जातात तीच त्याच्या कामाची असतात. आणि झटका बसून माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.